अमेरिकन कोणास म्हणावे?

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाजवळ मॉट स्ट्रीट नावाचा एक अरुंद रस्ता आहे. त्या भागास आज चायनाटाउन म्हणतात, आणि दुकानांवरील पाट्या पाहिल्या की त्या नावाचे कारण निराळे सांगावे लागत नाही. या रस्त्यावर दगडी भिंतींचे एक जुने चर्च उभे आहे. १८०१ साली ते इंग्रजी बोलणाऱ्या ल्यूथरपंथीयांनी बांधले. पुढे ते एपिस्कोपल पंथीयांकडे गेले, आणि १८५३ मध्ये रोमन कॅथलिकांनी ते विकत घेतले. या कॅथलिक मंडळाची स्थापना १८२७ मध्ये फेलिक्स व्हॅरेला नावाच्या एका क्यूबन धर्मगुरूने केली होती. पण चर्च विकत घेतले त्या सुमारास त्यातील भाविक मुख्यतः आयरिश होते, दुष्काळाने देशोधडीस लागलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच वस्तीत दक्षिण इटलीतील लोक येऊन राहू लागले. धर्म तोच, पंथ तोच, रोमचे पोपही तेच. तरी आयरिशांनी त्यांना वरच्या मुख्य दालनात बसविले नाही. इटालियनांची प्रार्थना तळघरात होई. १९०२ साली चर्चचा कारभार इटालियन धर्मगुरूंकडे आला आणि तळघरातील मंडळी वर आली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील तरुणांची नावे चर्चच्या दर्शनी भागावर कोरलेली आहेत. ती बहुतेक इटालियन आहेत. आज त्याच चर्चमध्ये कॅन्टोनी, मँडरिन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत प्रार्थना होते.

एका इमारतीची ही हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नाना देशांच्या लोकांचा एक सरमिसळ मेळा उभा राहतो, आणि त्या मेळ्यात सारेच एकाच वेळी, एकाच पातळीवर येऊन उभे राहिले असावेत असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. तेथे प्रत्येक समाज कोणाच्या तरी नंतर आला, आणि आधी आलेल्यांनी त्याला ‘हे अमेरिकन नव्हेत’ असे सांगितले. सांगणारे स्वतः कालपर्यंत तेच ऐकून घेत होते. १९१० च्या जनगणनेत त्या शहरातील दर शंभरांपैकी सुमारे ४० माणसे परदेशांत जन्मलेली होती. मधल्या काळात हे प्रमाण घटले, पुन्हा चढले, आणि आज परदेशात जन्मलेले सुमारे ३० लाख लोक त्या एका शहरात राहतात. शहराच्या पाच विभागांपैकी क्वीन्स या विभागात तर जवळजवळ निम्मी वस्ती अशा लोकांची आहे. तेव्हा ‘अमेरिकन कोणास म्हणावे’ हा प्रश्न तेथे केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. शाळेला सुटी केव्हा द्यावी, मतपत्रिका कोणत्या लिपीत छापावी, शेजारची सदनिका कोणास भाड्याने द्यावी, अशा रोजच्या रूपांत तो समोर येतो.

या प्रश्नाला रूपकांनी उत्तर देण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला. त्यांतले सर्वांत गाजलेले रूपक मुशीचे. इस्रायल झँगविल याचे ‘द मेल्टिंग पॉट’ हे नाटक १९०८ साली वॉशिंग्टन येथे प्रथम रंगभूमीवर आले. रशियातून जीव वाचवून आलेला एक ज्यू संगीतकार न्यूयॉर्कमध्ये राहतो आणि अमेरिकेवर एक मोठी स्वररचना करण्याचा ध्यास घेतो, असे त्याचे कथानक. सोनाराच्या मुशीत जुने दागिने वितळून त्यांचे एक नवे, शुद्ध सोने व्हावे तशी युरोपातील सारी कुळे अमेरिकेत वितळून एक नवा मनुष्य घडेल, ही त्यातील कल्पना. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना नाटक फार आवडले. नाटककार स्वतः लंडनचा रहिवासी होता, हेही सांगून ठेवण्यासारखे आहे. मूस बाहेरून पाहणाऱ्याला सुंदर दिसते. आत असलेल्याला तिची धग लागते. याच रूझवेल्टांनी १९१५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये भाषण करून ‘आयरिश-अमेरिकन’, ‘जर्मन-अमेरिकन’ यांसारख्या जोडनावांवर कडाडून हल्ला चढविला. दोन शब्दांना जोडणारी ती आडवी रेघ त्यांना देशद्रोहाच्या उंबरठ्यासारखी वाटत होती.

त्याच १९१५ साली होरेस कॅलन या तत्त्वज्ञाने एका निबंधात मुशीच्या कल्पनेला उघड विरोध केला. कॅलन हे लहानपणी युरोपातून आलेले ज्यू धर्मोपदेशकाचे पुत्र. त्यांचे म्हणणे असे की, माणूस धर्म बदलील, पोशाख बदलील, पण त्याला आपला आजोबा बदलता येत नाही. म्हणून अमेरिका ही मूस नसून वाद्यवृंद व्हावी. प्रत्येक वाद्याने आपला स्वर राखावा आणि सर्वांचा मेळ जमावा. पुढल्या वर्षी रँडॉल्फ बोर्न या तरुण लेखकाने याहीपुढे जाऊन, अमेरिका हे अनेक राष्ट्रांना सामावणारे एक निराळेच राष्ट्र होत आहे, असे प्रतिपादन केले.

मूस आणि वाद्यवृंद ही रूपके एकमेकांच्या विरुद्ध दिसतात खरी. परंतु दोहोंत एक चूक समान आहे, असे मला वाटते. दोन्ही रूपके असे धरून चालतात की, हे समाज बोटीतून उतरले तेव्हा तयार होऊनच उतरले होते. कोणी पितळ, कोणी तांबे, कोणी सारंगी, कोणी सनई. प्रत्यक्षात तसे झाले नाही.

इटालियनांचेच उदाहरण घ्या. इटली हे राष्ट्र १८६१ मध्ये एका छत्राखाली आले. त्यानंतर वीस-तीस वर्षांत न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलेला सिसिलीचा शेतकरी स्वतःस ‘इटालियन’ म्हणवीत नसे. त्याचा देश म्हणजे त्याच्या गावच्या चर्चची घंटा जेथवर ऐकू येते तेवढा मुलूख. न्यूयॉर्कमध्येही एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे लोक, मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे, अशी विभागणी होती. एकमेकांची बोली एकमेकांस धड कळत नव्हती. त्यांना ‘इटालियन’ केले ते अमेरिकेने. मुकादम, पोलीस, शाळामास्तर, आणि आयरिश शेजारी हे सारे त्यांस एकाच नावाने ओळखीत, एकाच नावाने हिणवीत. हिणवले गेलेल्यांनी ते नाव स्वीकारले, त्या नावाच्या परस्परसाहाय्य संस्था काढल्या, त्या नावाने मते मागितली. म्हणजे इटालियन होणे हीच त्यांची अमेरिकन होण्याची पहिली पायरी ठरली.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. कोकणातला, देशावरला, खानदेशातला असे भेद घेऊन जी कुटुंबे बडोद्यास वा ग्वाल्हेरीस गेली, त्या सर्वांना तेथील लोकांनी ‘दक्षिणी’ या एकाच नावाच्या गाठोड्यात बांधले, आणि कालांतराने ती मंडळीही त्या नावाने एकत्र उठू-बसू लागली. न्यूयॉर्कने हेच काम फार मोठ्या प्रमाणावर आणि फार कमी वेळात केले.

या कामी परभाषिक वर्तमानपत्रांचा वाटा मोठा होता. न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील ज्यू वस्तीत १८९७ साली ‘फॉरव्हर्ट्स’ नावाचे यिडिश दैनिक निघाले. यिडिश म्हणजे जर्मन वळणाची, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी पूर्व युरोपीय ज्यूंची बोली. अब्राहम काहान हे त्याचे दीर्घकाळचे संपादक. १९०६ पासून या पत्राने वाचकांच्या खाजगी अडचणींची पत्रे आणि त्यांना संपादकांची उत्तरे असे एक सदर चालविले. नवऱ्याने टाकलेल्या बायका, मालकाने नाडलेले शिवणकामगार, मुलगा धर्म पाळीत नाही म्हणून खंतावलेले बाप, सारे त्या सदरात येऊन मन मोकळे करीत. १९०९ साली तर या पत्राने मैदानाच्या आकृतीसह बेसबॉलच्या खेळाचे नियम यिडिशमध्ये समजावून दिले, कारण मुले हा खेळ खेळत आणि आईबापांना तो वेडेपणा वाटे. परकी भाषा जपणारी पत्रे लोकांना अमेरिकेपासून दूर ठेवतात, अशी त्या काळी ओरड होती. १९२२ साली समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी अशा वृत्तपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा चित्र जवळजवळ उलटे निघाले. ही पत्रे वाचकाला आपल्याच भाषेचे बोट धरून नव्या देशात नेत होती. आणि नेता नेता स्वतःचा वाचक गमावीत होती. कारण नियम वाचणाऱ्या बापाची मुले पुढे बेसबॉलच्या बातम्या इंग्रजीतच वाचू लागली. एके काळी लाखांवर खपणारे हे दैनिक पुढे साप्ताहिक झाले.

बोली टिकेल की नाही हे केवळ माणसांच्या इच्छेवर असते, असेही नाही. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये जर्मनांची वस्ती एवढी दाट होती की एका भागाचे नावच ‘छोटा जर्मनी’ पडले होते. १९०४ च्या जूनमध्ये त्या वस्तीतील एका चर्चची सहल घेऊन निघालेली ‘जनरल स्लोकम’ ही आगबोट ईस्ट नदीत पेटली आणि हजारांहून अधिक माणसे, बहुतेक बायका-मुले, प्राणास मुकली. आधीच पांगू लागलेली ती वस्ती या आघाताने मोडली. पुढे १९१७ साली अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली तेव्हा जर्मन भाषा बोलणे धोक्याचे झाले. आंबवलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थालाही ‘स्वातंत्र्याचा कोबी’ असे नवे नाव देण्यात आले. आज हसू येते. तेव्हा त्या कुटुंबांना हसू आले नसेल. संख्येने सर्वांत मोठ्या गटांपैकी एक असलेला हा समाज दोन पिढ्यांत शहराच्या चेहऱ्यावरून पुसला गेला.

आता कायद्याकडे वळू, कारण शेजाऱ्याने अमेरिकन मानणे निराळे आणि न्यायालयाने मानणे निराळे. १७९० च्या कायद्याप्रमाणे परदेशी मनुष्यास नागरिकत्व मिळावयाचे तर तो ‘स्वतंत्र गोरा’ असावा लागे. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्यास नागरिक ठरविले. वाँग किम आर्क या सान फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी तरुणाच्या खटल्यात १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद चिनी आईबापांच्या मुलालाही लागू आहे असे सांगितले. आणि हे अशा वेळी, की चिनी मजुरांना देशात येण्याचीच १८८२ पासून बंदी होती. २०२५ च्या जानेवारीत काही स्थलांतरितांच्या मुलांना हा जन्मसिद्ध हक्क नाकारणारा आदेश राष्ट्राध्यक्षांनी काढला तेव्हा तो लगोलग न्यायालयात गेला, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या खटल्याचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी झाले.

आपल्या लोकांची कथा भगतसिंग थिंद यांच्या नावाशी जोडलेली आहे. पंजाबातून आलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नागरिकत्व अमान्य केले. मानववंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे तो कॉकेशियन असेल, पण सामान्य माणूस ‘गोरा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असा मनुष्य नसतो, हा निकालाचा आशय. या निर्णयानंतर कित्येक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. थिंद यांना ते अखेर १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठीच्या नव्या कायद्याने, न्यूयॉर्क राज्यातच मिळाले.

दारे बंद असताना लोक आलेच नाहीत असे मात्र नाही. ब्रिटिश आगबोटींवर भट्टीपुढे कोळसा ओढणारे सिल्हेट, नोआखालीकडचे बंगाली मुसलमान खलाशी न्यूयॉर्कच्या बंदरात बोट सोडून पसार होत. त्यांपैकी कित्येक हार्लेम भागात राहिले, पोर्तोरिकन आणि कृष्णवर्णीय स्त्रियांशी त्यांनी विवाह केले, उपाहारगृहे काढली. कायद्याच्या दृष्टीने ते कोणीच नव्हते. त्यांच्या पोर्तोरिकन पत्नी मात्र १९१७ च्या कायद्याने अमेरिकन नागरिक होत्या, आणि तरीही रस्त्यावर त्यांना परदेशी म्हणूनच वागविले जाई. कायदा आणि रस्ता यांचे कधीच एकमत नव्हते, याचा इतका बोलका पुरावा एकाच घरात क्वचित सापडेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण स्थलांतरितांच्या गौरवगाथेत ती नेहमी गळते. मॉट स्ट्रीटपासून थोड्या चालीवर १९९१ साली एका सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकन गुलामांची जुनी दफनभूमी सापडली. ती माणसे न्यूयॉर्कमध्ये आयरिशांच्या, इटालियनांच्या किती तरी आधी होती. पण ती आली नव्हती, आणली गेली होती. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पुरती संपली ती १८२७ मध्ये, म्हणजे फेलिक्स व्हॅरेला यांनी आपले मंडळ स्थापन केले त्याच वर्षी. १८६३ साली सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध शहरात दंगल उसळली तेव्हा मुख्यतः आयरिश असलेल्या जमावाने कृष्णवर्णीयांवर हल्ले केले आणि त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. नव्याने आलेल्यांनी ‘आम्हीही अमेरिकन’ हे सिद्ध करण्यासाठी पुष्कळदा आपल्याहून जुन्या असलेल्या या शेजाऱ्याकडे बोट दाखवून ‘आम्ही हे नव्हे’ असे म्हटले. मुशीच्या नाटकाने या प्रश्नाला नीट हात घातला नाही, आणि वाद्यवृंदाच्या निबंधानेही नाही.

कायद्याची दारे पुन्हा उघडली गेली त्यात ब्रुकलिनच्या एका प्रतिनिधीचा हात होता. इमॅन्युएल सेलर हे १९२२ च्या निवडणुकीत काँग्रेसवर निवडून आले. १९२४ मध्ये नवा स्थलांतर कायदा पुढे आला. कोणत्या देशातून दरवर्षी किती माणसे घ्यावयाची, हे १८९० च्या जनगणनेतील त्या त्या देशाच्या माणसांच्या शेकडा दोन या हिशेबाने ठरविण्याची त्यात योजना होती. ताजी जनगणना हाताशी असता चौतीस वर्षांपूर्वीची का घेतली? कारण इटालियनांचा आणि पूर्व युरोपीय ज्यूंचा मोठा ओघ १८९० नंतर आला. आशियातील लोकांना तर जवळजवळ पूर्ण बंदी. नवख्या सेलर यांनी कायद्यास विरोध केला, आणि ते हरले. १९४६ साली क्लेअर बूथ लूस यांच्यासह त्यांच्या नावाने झालेल्या कायद्याने भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला, आणि वर्षाला १०० जणांना येण्याची मुभा मिळाली. शंभर! पुढे ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने देशवार वाटणी रद्द झाली. त्यावरही सेलर यांचे नाव आहे. मधे एक्केचाळीस वर्षे गेली होती. या कायद्याने देशातील लोकसंख्येचे स्वरूप बदलणार नाही, अशी ग्वाही त्याचे पुरस्कर्ते देत होते. ती खरी ठरली नाही.

ती कशी ठरली नाही हे क्वीन्समध्ये दिसते. तेथील फ्लशिंग भागात बाउन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. डच अमलात, १६५७ च्या डिसेंबरात, फ्लशिंगच्या सुमारे ३० रहिवाशांनी गव्हर्नर स्टायव्हेसंट यास एक निवेदन धाडले. क्वेकर पंथीयांचा छळ आम्ही करणार नाही, आणि ज्यू किंवा तुर्क आले तरी त्यांस दार लावणार नाही, असा त्याचा मतितार्थ. सही करणारे स्वतः क्वेकर नव्हते, हे त्यातील विशेष. त्यांतील काहींना अटक झाली. १६६२ साली जॉन बाउन या गृहस्थास, घरी क्वेकरांची सभा भरविली म्हणून, पकडून हद्दपार केले. त्याने हॉलंडमध्ये कंपनीच्या चालकांपुढे दाद मागितली, आणि चालकांनी गव्हर्नराला आवर घातला. बाउनचे घर अजून उभे आहे. त्याच्याच नावाच्या त्या रस्त्यावर ४ जुलै १९७७ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गणपतीच्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. मंदिर दाक्षिणात्य पद्धतीचे आहे, आणि त्याच्या तळघरातील उपाहारगृहात डोसा खावयास सर्व जातींचे, सर्व रंगांचे लोक येतात.

क्वीन्समध्येच रिचमंड हिल नावाचा भाग आहे. तेथील पुष्कळसे हिंदू भारतातून आलेले नाहीत. त्यांचे पूर्वज १८३८ ते १९१७ या काळात बिहार, संयुक्त प्रांताकडून करारबद्ध मजूर म्हणून गयानाच्या उसाच्या मळ्यांत गेले, आणि वंशज १९६५ नंतर न्यूयॉर्कला आले. ते घरी इंग्रजीच बोलतात, गयानाच्या वळणाची, रामायण गातात, वसंतात फगवा म्हणून रंगांची मिरवणूक काढतात. भारतातून आलेल्या डॉक्टर-इंजिनियरांच्या वर्तुळात त्यांना सहजासहजी आपले मानले गेले नाही. पाच पिढ्या ज्यांनी तुळशीचे रोप जपले त्यांना ‘तुम्ही भारतीय कसे?’ असे विचारणारे आपणच निघालो, याची नोंद असावी.

अशा समाजांचा शिरकाव शहराच्या जीवनात किती झाला हे पाहावयाचे असेल तर भाषणे वाचू नयेत, शाळांचे सुट्यांचे पत्रक पाहावे. १९६० पासून न्यूयॉर्कच्या सरकारी शाळा ज्यूंच्या मोठ्या सणांना बंद राहू लागल्या. कारण शिक्षकांतच ज्यू इतके होते की शाळा चालविणे अवघड झाले होते. २०१५ मध्ये ईद आली, २०१६ मध्ये चिनी नववर्ष, आणि २०२४ पासून दिवाळी. दिवाळीच्या सुटीसाठी गयानाचे हिंदू आणि भारतातले हिंदू यांना एका नावाने मागणी करावी लागली.

मतपत्रिकेची गोष्ट याहून गुंतागुंतीची झाली. इंग्रजी कमी समजणाऱ्या नागरिकांची संख्या पुरेशी असेल तेथे त्यांच्या भाषेत साहाय्य द्यावे, असा संघराज्याचा कायदा आहे. २०११ साली क्वीन्समध्ये ‘आशियाई भारतीय’ या वर्गाची संख्या त्या मर्यादेपर्यंत पोहोचली असे जाहीर झाले. वर्ग एक, भाषा मात्र पंजाबी, हिंदी, गुजराती, बंगाली, मलयाळम अशा कितीतरी! अखेर बंगालीची निवड झाली, आणि २०१३ पासून क्वीन्सच्या मतपत्रिकेवर इंग्रजी, स्पॅनिश, चिनी व कोरियन यांच्या जोडीस बंगाली लिपी छापली जाऊ लागली. जनगणना बांगलादेशीयांना या ‘भारतीय’ वर्गात मोजीत नाही, त्यांचा रकाना निराळा आहे. पण ती मतपत्रिका हाती घेऊन वाचणाऱ्यांत बांगलादेशातून आलेले नागरिक पुष्कळ आहेत.